हाड मोडल्याचा संशय आहे? ओढू नका, चोळू नका. आधी आधार द्या!

ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीवरून पाय निसटतो, महामार्गावर दुचाकी घसरते, आखाड्यात मनगट दुमडतं, शाळेच्या मैदानावर मूल कोपरावर आपटतं. सातारा-सांगली पट्ट्यात अशा दुखापती नव्या नाहीत. वासोट्यासारख्या ठिकाणी तर बामणोलीपर्यंत बोटीनेच परतावं लागतं. डॉक्टरांपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या त्या वेळात स्प्लिंट कामाला येते. ती नेमकी कशी वापरायची?

स्प्लिंट म्हणजे काय?

दुखावलेला भाग हलू नये म्हणून दिलेला ताठ आधार. मोडलेल्या हाडाची टोकं धारदार असतात. हात किंवा पाय हलला की ती आजूबाजूच्या स्नायूंना, नसांना आणि रक्तवाहिन्यांना इजा करतात. हालचाल थांबली की वेदना कमी होते आणि आतली इजाही वाढत नाही. स्प्लिंटने हाड जुळत नाही, ते काम डॉक्टरांचं.

घरात, शेतात काय वापरता येईल?

लाकडी फळी, बांबूची कामटी, छत्री, जाड पुठ्ठा, घडी केलेलं वर्तमानपत्र यांपैकी काहीही चालेल. बांधायला पंचा, ओढणी किंवा साडीची पट्टी घ्या. सुतळी किंवा तार नको, ती कातडीत रुतते. काहीच मिळालं नाही तर दुखरा पाय चांगल्या पायाला आणि दुखरं बोट शेजारच्या बोटाला बांधा. मध्ये कापडाची घडी ठेवा.

कशी बांधायची?

१. रक्त येत असेल तर आधी स्वच्छ कापडाने दाबून धरा. हाड बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नका. त्याच्या कडेने दाब द्या आणि वरून स्वच्छ कापड झाका.
२. सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या, घड्याळ, जोडवी काढा.
३. हात किंवा पाय ज्या स्थितीत आहे, त्याच स्थितीत आधार द्या. सरळ करायचा प्रयत्न नको.
४. आधार इतका लांब हवा, की दुखापतीच्या वरचा आणि खालचा सांधा दोन्ही स्थिर राहतील. मनगटाजवळचं हाड मोडलं असेल तर कोपरही हलता कामा नये.
५. आतून मऊ कापड लावा. दुखऱ्या जागेच्या वर आणि खाली बांधा, नेमकं तिच्यावर नाही.
६. बांधण्याआधी आणि नंतर बोटं तपासा. ती गरम आहेत का? स्पर्श कळतो का? नख दाबून सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं का? उत्तर ‘नाही’ आलं तर पट्टी सैल करा.

मान, पाठ, कंबर किंवा मांडीच्या हाडाला मार असेल तर जखमीला उचलून गाडीत टाकू नका. १०८ वर फोन करा. राज्यात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून मोफत आहे. शस्त्रक्रियेची गरज पडू शकते, म्हणून जखमीला खायला-प्यायला देऊ नका.

घट्ट बांधलं की जास्त चांगलं?

उलट आहे. हाड मोडल्यावर सूज वाढत जाते, पट्टी मात्र वाढत नाही. गावाकडे कामट्या करकचून आवळून वर तेल चोळण्याची पद्धत अजूनही दिसते. त्यात रक्तपुरवठा तुटला तर काही तासांतच स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. लहान मुलांच्या कोपराच्या फ्रॅक्चरमध्ये हा धोका विशेष असतो. म्हणूनच रुग्णालयातही सूज असताना बहुतेकदा आधी एका बाजूचा ‘स्लॅब’ देतात आणि ती उतरल्यावर पूर्ण प्लॅस्टर घालतात.

घरी आल्यावर वेदना वाढतच गेली, बोटं बधिर, गार किंवा निळी पडली किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.

सर्पदंशातही स्प्लिंट?

होय. हात-पाय हलवला की स्नायूंच्या हालचालीने विष शरीरात लवकर पसरतं. त्यामुळे उसाच्या फडात साप चावला तर चावलेला भाग मोडलेल्या हाडासारखाच स्थिर करा. वर दोरी आवळू नका, जखम कापू नका, चोखू नका. रुग्णाला चालवत नेऊ नका. प्रतिविष रुग्णालयातच मिळतं.

मदत केली तर पोलिसांचा त्रास?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यामुळे कायद्याचं संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडला उपजिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय ही सरकारी ठिकाणं आहेत. दुचाकीच्या डिकीत, ट्रॅक्टरच्या पेटीत आणि ट्रेकच्या बॅगेत दोन रुंद पट्ट्या आणि एक जाड पुठ्ठा आजच ठेवून द्या.