साथीदाराचे नाव

जॅझ संगीत म्हटले की आपल्याकडे सामान्यतः दोन समज आढळतात. कोणी म्हणतो, हा बड्या हॉटेलांतला धांगडधिंगा. कोणी म्हणतो, हा साहेबी छंद, तो आपल्याला काय कळणार! आमच्या मते दोन्ही समज सारखेच अपुरे आहेत. हलगी, ढोलकी आणि भजनातला पखवाज ऐकत वाढलेल्या आष्ट्याच्या श्रोत्याला जॅझचा ड्रमवादक परका वाटण्याचे कारण नाही. मात्र त्याची ओळख करून घेताना एक प्रश्न आपल्यालाही स्वतःला विचारावा लागतो. ताल धरणाऱ्याचे नाव आपण कधी विचारतो काय?

प्रथम वाद्याकडे पाहू. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरवणुकीचे बँड असत. त्यांत मोठा ढोल एक जण वाजवी, लहान ढोल दुसरा, आणि झांजा बहुधा तिसरा. आपल्या वरातीच्या बँडातही कामाची वाटणी अशीच असते. ही मंडळी नाचघरात बसून वाजवू लागली तेव्हा जागा थोडी आणि मोबदला त्याहून थोडा. मग एकाच माणसाने सारे सांभाळण्याची तोड निघाली. १९०९ साली लुडविग बंधूंनी मोठा ढोल पायाने वाजविण्याचे सुटसुटीत पेडल काढले आणि तिघांचे काम एका माणसाच्या दोन हातांत व दोन पायांत आले. आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो तो हाच.

परंतु या वादकाला तबकडीवर जागा मिळणे सोपे नव्हते. १९२३ साली किंग ऑलिव्हर यांच्या बँडचे ध्वनिमुद्रण झाले. लुई आर्मस्ट्राँग यांच्याही पहिल्या तबकड्या याच. त्या काळी मुद्रण विजेवर नव्हे, भोंग्यातून होई; मोठ्या ढोलाचा दणका बसला की मुद्रणाची सुई उडे. म्हणून ड्रमवादक बेबी डॉड्स यांना मुख्यतः लाकडी ठोकळ्यांवर ताल द्यावा लागला. तबकडीवर नाव छापले ते बँडचे. वादकाचे वाद्य पुरते उतरले नाही, आणि नावही नाही!

पुढे यंत्रे सुधारली, दीर्घ वाजणाऱ्या तबकड्या आल्या, आणि जॅझच्या तबकडीच्या वेष्टनावर प्रत्येक वादकाचे नाव छापण्याची प्रथा रूढ झाली. १९५९ सालचे डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीचे ‘टेक फाइव्ह’ घ्या. ही रचना पॉल डेस्मंड यांची, आवर्तन पाच मात्रांचे, तीन आणि दोन असे विभागलेले. झपताल जाणणाऱ्या माणसाला ही विषम चाल लगेच ओळखीची वाटेल. तीत ड्रमवादक जो मोरेलो स्वतंत्र वाजवू लागतात तेव्हा ब्रुबेक पियानोवर एकच छोटा स्वरसमूह पुनःपुन्हा वाजवीत राहतात. आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात सारंगी किंवा हार्मोनियम लेहरा धरते, तेच हे काम. तालवाला पुढे आला की स्वरवाल्याने साथीदार व्हायचे, ही रीत दोन्हीकडे एकच. ही चौकडी १९५८ साली भारतात येऊन गेली होती. त्यानंतरच्या ‘कलकत्ता ब्लूज’मध्ये मोरेलो यांनी काठ्या बाजूला ठेवून हातांनी ड्रम वाजविले.

आता मुंबईकडे वळू. १९३५ च्या सुमारास ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा अमेरिकन बँड आला आणि जॅझने तेथे मूळ धरले. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोव्याचे वादक त्यात झपाट्याने तयार झाले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हिएर वाझ हे ट्रंपेटवादक त्यांपैकीच. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते गाजले. आमचे पुणतांब्याचे सी. रामचंद्र त्यांना साहाय्यक म्हणून घेऊन काम करीत. १९५१ चा ‘अलबेला’ तर घरोघरी ठाऊक आहे. त्यात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. चेहरा लाखोंनी पाहिला. नाव किती जणांना ठाऊक असेल? बोंगो, कोंगा यांसारखी तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजविणारे कावस लॉर्ड, आणि त्यांचे पुत्र केरसी व बुर्जोर लॉर्ड, यांचीही तीच गत. तबकडीवर गायक, संगीतकार आणि कवी यांची नावे असत. ठेका धरणारा अनामिक राही.

याला छेद देणारा एक कलावंत आपल्याच परिसराच्या संगीतपरंपरेतून निघाला. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ यांच्या शिष्या मेनकाबाई शिरोडकर. त्यांच्या कन्या, बेळगावात १९२५ साली जन्मलेल्या शोभा गुर्टू. ठुमरीतले त्यांचे स्थान सर्वांना माहीत आहे. त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू, जन्म मुंबईचा, १९५१ चा. ते तबला शिकले आणि जॅझचे ड्रमवादक झाले. अमेरिकेच्या ‘ऑरेगॉन’ या समूहातील तालवादक कॉलिन वॉलकॉट १९८४ साली अपघातात वारले. त्यांची जागा पुढे त्रिलोक यांनी घेतली. जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या त्रयीत त्यांनी १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाजविले. ते मुद्रण प्रसिद्ध आहे. ते उंच आसन न घेता जमिनीलगत गुडघ्यावर बसतात, तबला आणि ड्रम एकत्र मांडतात, आणि घणघणती थाळी पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा नाद वाकवितात. १९८८ साली त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला संग्रह निघाला, त्यात आईचा आवाज आहे. ठेका धरणाऱ्याचे नाव वेष्टनावर ठळक, आणि नामांकित गायिका त्याच्या साथीला!

यातून काय घ्यावे? परक्या संगीताचे अनुकरण करा असे आमचे म्हणणे नाही. परंतु प्रत्येक वादकाच्या नावाची नोंद ठेवण्याची त्यांची सवय घेण्याजोगी खास आहे. आज गावोगावी जत्रेतली हलगी, सप्ताहातला पखवाज, तमाशातली ढोलकी खिशातल्या फोनवर मुद्रित होते. त्यावर गावाचे नाव असते, देवाचे असते, गाणाऱ्याचेही असते. वाजविणारा कोण, त्याने कोणाकडून शिकले, हे लिहायला अर्धा मिनिट पुरे. ते आज लिहिले नाही, तर पन्नास वर्षांनी ते हात आपल्याला ऐकू येतील. पण कोणाचे, हे सांगायला कोणी उरणार नाही.