दोष कॉम्प्युटरचा की वायरीचा?

भरलेला ट्रक घाट चढताना अचानक ओढ सोडतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि पाय कितीही दाबला तरी इंजिन ठरावीक फेऱ्यांपुढे जात नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, की पडद्यावर तीन-चार दोष एकदम उमटतात : रेलचा दाब, टर्बोच्या हवेचा दाब, ऑइलचा दाब. एवढे सेन्सर एकाच दिवशी कसे जातील, असा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तरही तयार असतं : ‘ईसीएम गेला, बदलून टाका.’ बीएस-४ या प्रदूषण-निकषांची अट १ एप्रिल २०१७ला देशभर लागू झाली. तेव्हापासून बहुतेक अवजड ट्रकांच्या इंजिनाचा कारभार ईसीएम, म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल, या इलेक्ट्रॉनिक पेटीकडे आला. त्या पहिल्या खेपेतल्या गाड्या आता जुन्यांत जमा होऊ लागल्या आहेत, त्यामुळे हे उत्तर यापुढे अधिकाधिक मालकांच्या कानी पडणार आहे. ते काही वेळा खरंही असतं. पण ते सिद्ध झाल्याशिवाय पेटीला हात लावणं शास्त्राच्या दृष्टीने चूक आहे आणि व्यवहाराच्या दृष्टीने तोट्याचं. शिवाय पेटी खरोखरच बदलायची वेळ आली, तर नुसती पेटी बदलून भागत नाही.

याचं कारण पेटीच्या कामातच आहे. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला सुमारे ७० मायक्रोसेकंद लागतात. नोझल नेमकं कोणत्या अंशावर उघडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं, हा निर्णय पेटी तेवढ्या बारकाईने घेते. कॉमन रेलमधलं डिझेल १,६०० बार किंवा त्याहूनही जास्त दाबाखाली असतं. मुख्य फवाऱ्याच्या आधी सोडली जाणारी छोटी मात्रा तर जेमतेम एक-दोन घन मिलिमीटर असते. एवढं नाजूक काम करणाऱ्या या यंत्राला बाहेरचं जग दिसतं ते फक्त व्होल्टमधून. तापमान, दाब, पेडलची जागा या सगळ्या गोष्टी तिच्यापर्यंत विजेच्या दाबाच्या रूपातच पोचतात. तो दाब वाटेत बिघडला, तर ठणठणीत पेटीही चुकीचा निर्णय घेणार. इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करणं हा तिचा ठरलेला बंदोबस्त आहे. म्हणजे ट्रकने घाटात ओढ सोडली, तेव्हा पेटी बिघडलेली नसून आपलं काम चोख बजावत असण्याचीही शक्यता असते.

अनेक दोष एकदम का दिसतात, हे याच दृष्टीने पाहावं. बऱ्याच सेन्सरांना पेटी आतून स्थिर ५ व्होल्ट पुरवते आणि एकेका पुरवठ्यावर अनेकदा दोन-तीन सेन्सर असतात. त्यांतल्या एकाची वायर इंजिनाच्या हादऱ्यांनी ब्रॅकेटवर घासून बॉडीला टेकली, की तो अख्खा पुरवठा खाली बसतो आणि त्यावरचे सगळे सेन्सर मेल्यासारखे दिसतात. अशा वेळी त्या पुरवठ्यावरचे कपलर एकेक करून काढावेत आणि मीटरवर नजर ठेवावी. जो कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत उभे राहतात, त्याच्या पुढच्या शाखेत दोष आहे. अर्थिंगचा दोष याहून फसवा. तारेचे बहुतेक पेड गंजून एखादाच शाबूत राहिला, तरी बंद गाडीत मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, कारण मीटर मोजण्यापुरता नगण्य प्रवाह सोडतो. खरा भार आला की तोच एकुलता पेड तोकडा पडतो. म्हणून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि पेटीच्या अर्थची पिन यांच्यामधले व्होल्ट सेल्फ मारत असताना मोजायला हवेत. तिथे काही दशांश व्होल्टांपेक्षा जास्त फरक दिसला, तर दोषी वायर आहे, पेटी नव्हे. गाडीतल्या निरनिराळ्या नियंत्रकांना जोडणाऱ्या दोन पिळलेल्या तारांचीही अशीच सोपी परीक्षा आहे. त्यांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून बॅटरी काढून मोजल्यावर ६० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा एक रोध निकामी झाला आहे.

यावर गॅरेजमधून येणारा पहिला आक्षेप अनुभवाचा असतो : दुसऱ्या गाडीची पेटी लावली आणि ट्रक चालू झाला, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? पुरावा वाटतो खरा, पण तो अपुरा आहे. पेटी बदलताना तिचा अनेक पिनांचा कपलर निघतो आणि पुन्हा बसतो. पिनांवरची हिरवट बुरशी त्या घर्षणाने खरवडली जाते, सैल पिन जागेवर येते, बॅटरी सुटल्याने साठलेले दोष पुसले जाऊ शकतात. म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलली असं आपण समजतो, प्रत्यक्षात चार बदललेल्या असतात. पुरावा पक्का करायचा, तर जुनी पेटी पुन्हा लावून बघावी. दोष परतला आणि दुसरी पेटी लावल्यावर पुन्हा गेला, तरच ठपका पेटीवर ठेवता येतो. कोणत्याही प्रयोगशाळेत हीच रीत पाळली जाते, आणि गॅरेजमध्ये ती पाळायला जास्तीचं एकही उपकरण लागत नाही.

पेट्या मरतच नाहीत, असं मात्र नाही. त्यांतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. दर १० अंश तापमानवाढीमागे त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पेटी इंजिनालाच बसवलेली असेल, तर रोजच्या तापण्या-निवण्याने सर्किट बोर्डावरच्या सोल्डरच्या डागांना बारीक तडे जातात. अशा गाडीचं लक्षणही वेगळं असतं : गार असताना ठीक, तापली की बंद, किंवा नेमकं उलटं. पण बाकीची कारणं पाहिली, तर त्यांतली बरीचशी पेटीच्या बाहेरची निघतात. वायरिंगमधून केशाकर्षणाने पाणी आत शिरतं. चासीला वेल्डिंग करताना बॅटरी आणि पेटीचे कपलर न सोडल्याने भलताच प्रवाह आत घुसतो. चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल सुटलं, तर अल्टरनेटरचा दाब क्षणभर २४ वरून शंभर व्होल्टच्याही वर उसळू शकतो. नोझलची कॉइल शॉर्ट झाली, तर तिला चालवणारं पेटीतलं सर्किट जळतं. ही कारणं जागच्या जागी ठेवून नवी पेटी लावली, तर तिचीही तीच गत होते. म्हणजे पेटी खरोखर गेली असेल, तेव्हा तर वायरिंग तपासण्याची गरज दुप्पट असते.

आता बदलण्याची गोष्ट. गिअरबॉक्स बदलला तर गिअरबॉक्स बदलतो. पेटी मात्र त्या विशिष्ट ट्रकची दफ्तरदारी सांभाळत असते. एकाच कारखान्यातले दोन नोझल तंतोतंत सारखे नसतात. प्रत्येकाचा सूक्ष्म फरक कारखान्यात मोजून त्याचा सांकेतिक क्रमांक नोझलच्या डोक्यावर कोरलेला असतो आणि तो पेटीच्या स्मृतीत भरावा लागतो. तो न भरता इंजिन चालू होईलही, पण खडखड, काळा धूर आणि डिझेलचा वाढलेला खप यांच्यासह. चासी क्रमांक, किल्लीची ओळख, वेगमर्यादेचं बंधन, युरियाच्या फवाऱ्याची आखणी अशा नोंदीही तिथेच असतात. भंगारातून आणलेली पेटी बाहेरून हुबेहूब दिसते, खोक्यावरचा क्रमांकही जुळतो, पण आतलं सॉफ्टवेअर वेगळ्या ताकदीच्या इंजिनासाठी असू शकतं. म्हणून हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर या दोन्हींचे क्रमांक जुळवून पाहावेत आणि जुनी पेटी काढण्याआधी तिच्यातली माहिती उतरवून घ्यावी. ती बोलतच नसेल, तरी स्मृतीची चिप बऱ्याचदा शाबूत असते आणि जाणकार कारागीर ती वाचू शकतो. कपॅसिटर किंवा फुटलेला डाग दुरुस्त करून मूळ पेटीच वाचवणं अनेकदा सर्वांत शहाणपणाचं ठरतं, कारण ट्रकची सगळी ओळख तिच्यात आधीच असते.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो रास्त आहे. उभ्या ट्रकचा हप्ता थांबत नाही, माल अडकतो, ड्रायव्हरचा खाडा होतो. तपासत बसण्यापेक्षा बदलून मोकळं व्हावं, असं वाटणं साहजिक आहे. पण वर सांगितलेल्या तपासण्या मीटरवर तासा-दोन तासांत होतात. चुकीच्या निदानावर पेटी बदलायची म्हटली, तर मात्र ती मागवायची, तिच्यात माहिती भरायची आणि दोष तसाच राहिला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. घाई असेल, तेव्हाच आधी तपासणं जास्त परवडतं.

तिसरा आक्षेप उत्पादकांच्या बाजूचा. पेटीत माहिती भरण्याची साधनं सर्वांना खुली केली, तर कोणीही युरियाचा फवारा बंद करून प्रदूषण वाढवेल, असं ते म्हणू शकतात. ही भीती खोटी नाही. असे बदल होतात आणि त्यांची किंमत रस्त्याकाठची फुप्फुसं मोजतात. पण दोष वाचणं, नोझलचे क्रमांक भरणं, जुन्या पेटीतली नोंद नव्या पेटीत नेणं ही कामं एका बाजूला आणि इंधनाची मूळ आखणी बदलणं दुसऱ्या बाजूला. पहिलं खुलं ठेवून दुसऱ्याला डिजिटल स्वाक्षरीचं कुलूप घालणं तंत्रज्ञानाला सहज शक्य आहे. कारच्या सुट्या भागांच्या आणि निदान-साधनांच्या अडवणुकीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये १४ कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. त्या आदेशावर पुढे अपिलं झाली, पण प्रश्न ऐरणीवर आला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनक्षेत्रही आहे. या प्रयत्नांना खरा अर्थ यायचा असेल, तर कळंबोली किंवा भिवंडीच्या साध्या गॅरेजलाही ट्रकचा सर्किट-नकाशा आणि माहिती भरण्याचं अधिकृत साधन वाजवी दरात मिळालं पाहिजे. ते मिळत नाही तोवर अंदाजाने पेट्या बदलणाऱ्या मिस्त्रीला एकट्याला दोष देणं अन्यायाचं आहे.

मालकाला मात्र त्यासाठी थांबायची गरज नाही. पेटी बदलायला होकार देण्याआधी त्याने तीन गोष्टी लेखी मागाव्यात : सेल्फ मारताना पेटीच्या पिनांवर मोजलेले व्होल्ट, ५ व्होल्टच्या पुरवठ्याचा आकडा, आणि जुनी पेटी परत लावल्यावर दोष परतला की नाही याची नोंद. पेटी बदललीच, तर जुनी पेटी आणि तिच्यातून उतरवलेली माहिती आपल्या ताब्यात घ्यावी. ज्या गॅरेजमध्ये हे आकडे मागितले जातात, तिथे ते मोजण्याची सवय लागते. आणि मोजण्याची सवय लागली, की जुना ट्रक आणखी कितीतरी वर्षं धंद्यात टिकतो.