जुनी आज्ञावली, नवा संगणक

शाळेच्या कार्यालयात नवा संगणक येतो. जुन्या संगणकावरची फी, निकाल आणि दाखल्यांची आज्ञावली त्यावर नकलून घेतली जाते. ती सुरू करताच पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य उमटते : हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. लिपिक म्हणतात, 'व्हायरस असेल.' दुकानदार म्हणतो, 'सॉफ्टवेअर जुनं झालंय, नवीन घ्या.' पण आज्ञावली ही काही लोखंडासारखी गंजणारी वस्तू नव्हे. तिच्यातले एक अक्षरही बदललेले नसते. मग कालपर्यंत चालणारी गोष्ट आज का चालू नये?

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न वरचेवर भेटतो. साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांचे येथे दाट जाळे आहे. अशा संस्थांचे हिशेब संगणकावर येऊ लागले तेव्हा गावातलाच एखादा होतकरू तरुण डीबेस, क्लिपर किंवा फॉक्सप्रो या भाषांत संस्थेच्या गरजेप्रमाणे आज्ञावली लिहून देई. अशा पुष्कळ आज्ञावल्या कामाला चोख होत्या. पुढे लिहिणारा पुण्याला गेला, त्याने लिहिलेला मूळ मजकूर कोणाकडेच राहिला नाही, आणि संस्थेकडे उरली ती फक्त चालणारी फाइल. शाळेच्या बाबतीत तिच्यात अडकलेली असते जनरल रजिस्टरमधली माहिती : नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात. वीस-पंचवीस वर्षांनी माजी विद्यार्थी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागायला येतो, तेव्हा त्याचे पुढचे कितीतरी काम या एका नोंदीवर अवलंबून असते. कागदी रजिस्टर असते, हे खरे. पण पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तळमजल्यावरच्या कपाटावर किती भिस्त ठेवावी, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखाद्या कारागिराला अर्धा इंची जुन्या विलायती आट्यांचा बोल्ट आणि १२ मिलिमीटरचा नट द्या. तो हसून परत करील. पहिल्यावर इंचाला १२ आटे, म्हणजे दोन आट्यांतले अंतर सुमारे २.१२ मिलिमीटर, दुसऱ्यात ते १.७५ मिलिमीटर. बोल्ट चांगला आहे, नटही चांगला आहे, पण त्यांचे आटे जमत नाहीत. आज्ञावली आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांचे नाते असेच आहे. आज्ञावली स्वतः कागदावर छापत नाही की तबकडीवर लिहीत नाही. 'एवढे छाप', 'एवढे लिही' अशी विनंती ती ऑपरेटिंग सिस्टिमला ठरलेल्या पद्धतीने करते. ही पद्धत म्हणजे त्यांचे आटे.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमधला प्रक्रियक एका वेळी १६ बिटांच्या संख्यांवर काम करी, आणि डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम त्याला बेतून केलेली होती. डॉस फार सैल मालक होता. आज्ञावलीने त्याला न विचारता थेट प्रिंटरच्या दाराशी जाऊन बोलावे, पडद्याच्या स्मृतीत परस्पर लिहावे, तरी त्याचे काही म्हणणे नसे. पुष्कळ आज्ञावल्या तशा वागत. चोरी टाळण्यासाठी प्रिंटरच्या दारात बसवायचे छोटे कुलूप, ज्याला डाँगल म्हणत, तेही असेच थेट तपासले जाई. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने हा सैलपणा बंद केला आणि तिच्याच घराण्यातली विंडोज एक्सपी २००१ मध्ये घरोघरी गेली. तरीही जुन्या आज्ञावल्या बऱ्याच अंशी चालत राहिल्या. याचे कारण प्रक्रियकातच होते. १९८५ च्या ८०३८६ या प्रक्रियकात एक सोय केलेली होती : तो आपल्या पोटात जुन्या ८०८६ चे सोंग घेऊ शकत असे. विंडोज त्या सोंगाभोवती एक नकली डॉस उभा करी आणि जुन्या आज्ञावलीला आपण जुन्याच घरात आहोत असे वाटे.

६४ बिटांच्या प्रक्रियकांबरोबर, म्हणजे पीसीच्या जगात २००३ पासून, ही सोय मागे पडली. प्रक्रियक पूर्ण ६४ बिटांच्या पद्धतीने काम करीत असताना त्याला ते जुने सोंग घेता येत नाही, आणि ६४ बिटांच्या विंडोजमधून नकली डॉसही काढून टाकण्यात आला. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ फक्त ६४ बिटांचीच आहे. विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती होती, पण विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला.

दुकानदार कधी कधी फाइलवर उजवी कळ दाबून 'कंपॅटिबिलिटी'चे पान उघडतो आणि 'विंडोज एक्सपी' निवडतो. काही आज्ञावल्या सुरू होताना 'तू कोणती विंडोज?' असे विचारतात आणि ओळखीचे उत्तर आले नाही तर रुसतात. अशांना हे पान खोटे उत्तर देऊन गप्प करते, आणखीही काही जुन्या सवयी सांभाळून घेते. ३२ बिटांच्या आज्ञावलीला त्याचा उपयोग होतो. १६ बिटांच्या आज्ञावलीला नाही, कारण तिथे आटेच निराळे आहेत.

सगळा दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा मात्र नसतो. एक उदाहरण वर्गात सांगण्यासारखे आहे. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या अनेक आज्ञावल्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या संगणकांवर सुरू होताच 'रनटाइम एरर २००' म्हणून बंद पडू लागल्या. या चुकीचा अर्थ 'शून्याने भागाकार'. पण आज्ञावलीत कोठेही शून्याने भागलेले नव्हते! घडत होते ते असे : ठरावीक वेळ थांबता यावे म्हणून आज्ञावली सुरुवातीलाच संगणकाचा वेग मोजी. संगणकातले घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देते, म्हणजे एक ठोका सुमारे ५५ मिलिसेकंदांचा. एका ठोक्यात एक छोटी फेरी किती वेळा मारून होते ते मोजायचे आणि ५५ ने भागायचे, की एका मिलिसेकंदातल्या फेऱ्या मिळतात. हा भागाकार १६ बिटांच्या जागेत ठेवलेला होता, आणि १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. आता गुणाकार करून पाहा. ६५,५३५ गुणिले ५५ म्हणजे ३६,०४,४२५. एका ठोक्यात याहून पुरेशा जास्त फेऱ्या झाल्या की भागाकार जागेत मावत नाही. प्रक्रियकाकडे 'उत्तर मावत नाही' आणि 'शून्याने भागले' या दोहोंसाठी एकच घंटा असल्याने संदेश शून्याचा येई. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे संगणक ही मर्यादा ओलांडू लागले. संगणक इतका वेगवान होईल, हे मूळ लेखकांच्या हिशेबातच नव्हते. फॉक्सप्रोच्या जुन्या आवृत्त्यांनाही वेगवान संगणकांवर याच जातीचा त्रास झाला.

यावर उपाय आहेत. २००२ पासून मिळणारी डॉसबॉक्स ही मोफत आज्ञावली जुन्या संगणकाची पूर्ण नक्कल करते. जुना प्रक्रियक, जुना पडदा, जुना डॉस, सगळे नकली. तिच्यात वेग मुद्दाम कमी ठेवता येतो, त्यामुळे वरचा भागाकाराचा घोळही मिटतो. दुसरा उपाय म्हणजे आभासी संगणक : नव्या संगणकात एक बंदिस्त खोली करून तिच्यात जुनी विंडोज तिच्या परवान्यासह बसवायची आणि त्या खोलीला इंटरनेटचे दार ठेवायचे नाही. डॉसबॉक्स खेळांसाठी बनवलेली आहे. छपाईची आणि अनेकांनी एकाच वेळी एक फाइल वापरण्याची काळजी तिने घेतलेली नाही. म्हणून रोजची फी तिच्यात भरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुनी माहिती पाहण्यासाठी, छापील याद्या फाइलमध्ये काढण्यासाठी आणि निरोपासाठी ती उत्तम.

निरोपाचा विषय निघाला म्हणून वारणानगरची हकिगत सांगतो. पन्हाळा तालुक्यातल्या या सहकारी वसाहतीत १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प उभारला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे त्यात होती आणि ऊस उत्पादकाला आपल्या उसाची माहिती गावातल्या संगणकावर मिळावी अशी योजना होती. काही वर्षांनी ती यंत्रे जुनी झाली. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक चाचणी घेतली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. त्यांनी संगणकाच्या जागी मोबाईलचा लघुसंदेश आणला. पूर्वीची सगळी कामे झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत अधिक पसंत पडली. शेतकऱ्याला हवे होते ते उसाचे वजन आणि बिल, ते कोणत्या पडद्यावर दिसते याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. शाळेलाही फॉक्सप्रो नको आहे, रजिस्टर हवे आहे.

सुदैवाने डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो या सर्वांनी माहिती साधारण एकाच घडणीच्या, डीबीएफ नावाच्या फाइलींत ठेवली. अशा फाइलीची प्रत (मूळ फाइल नव्हे!) नोटपॅडमध्ये मुलांसमोर उघडून दाखवावी. सुरुवातीला थोडी अगम्य चिन्हे, मग रकान्यांची इंग्रजी नावे, आणि पुढे सरळ नोंदी दिसतात. प्रत्येक रकाना ठरावीक रुंदीचा, नाव छोटे असेल तर पुढे रिकाम्या जागा. १५ जून १९८७ ही तारीख १९८७०६१५ अशा आठ अंकांत. खोडलेली नोंदही तिथेच असते, तिच्या आधी फक्त एक फुली पडलेली असते. फाइल आवळली जाईपर्यंत ती जात नाही. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये ही फाइल थेट उघडते आणि तेथून ती हव्या त्या रूपात साठवता येते. शेऱ्यांसारखा लांब मजकूर मात्र त्याच नावाच्या वेगळ्या, डीबीटी किंवा एफपीटी शेपटाच्या फाइलीत असतो. तीही सोबत घ्यावी.

खरी कसोटी मराठीची. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड वापरलेल्या संगणकांवर मराठी अक्षरे इस्की या भारतीय संकेतात साठवली गेली. १९९१ मध्ये त्याचे मानक ठरले. त्यात 'क' म्हणजे १७९. आजच्या युनिकोडमध्ये 'क' म्हणजे २३२५. आकडे वेगळे, पण युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच बेतलेली असल्याने हे रूपांतर बरेच सरळ होते. पुढे विंडोजवर निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट आले, तिथे गोष्ट बिघडली. या फाँटांत संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असतो, फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकृती काढलेली असते. फाँट गेला की उरतो निरर्थक इंग्रजी मजकूर. शिवाय 'किरण' या शब्दात पहिली वेलांटी डोळ्यांना 'क'च्या आधी दिसते म्हणून अशा फाँटांत ती आधी साठवली जाते, तर इस्की आणि युनिकोड उच्चाराप्रमाणे आधी 'क' आणि मग वेलांटी ठेवतात. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षर आले, की ती हमखास अडखळते. 'किरण' नीट उतरतो, 'ख्रिस्ती' किंवा 'स्थिती' बिघडतो.

म्हणून रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षर असलेली शंभरेक नावे निवडावीत आणि कागदी रजिस्टराशी ताडून पाहावीत. शुद्धलेखनाच्या तासाला मुलांनाही हे काम आवडते. फक्त जात आणि जन्मतारखेचे रकाने त्यांच्यासमोर ठेवू नयेत. आणि जुनी आज्ञावली रोज चालवणारे लिपिक निवृत्त होण्याआधी हे उरकावे. कोणत्या रकान्यातला 'वाय' म्हणजे फी माफ आणि कोणत्या रकान्यातला 'वाय' म्हणजे दाखला दिला, हे फाइलीत कोठेच लिहिलेले नसते.