लोंबी कधी खुडायची

पहिल्यांदा भाताच्या लोंब्यांचं तोरण वळायला बसलो, तेव्हा त्या आठवडाभर गच्चीवर कडक वाळवून घेतल्या होत्या. ओल राहिली तर बुरशी येईल, असा माझा शहरी हिशेब. दुसऱ्याच पेडाला काड्या मोडायला लागल्या आणि निम्मं भात सतरंजीवर झडलं. समोर बसलेल्या मावशींनी जुडी हातात घेतली, एक काडी बोटाभोवती गुंडाळून बघितली. ती तुटली. "आवं, वाळल्यावर कुठं वळतंय व्हय?"

हे वाक्य समजायला मला पुढचे दोन-तीन दसरे लागले.

पुणे–सातारा रस्ता नसरापूर फाट्याला सोडून वेल्ह्याकडे निघालं की वाटेत मार्गासनी लागतं. राजगडाला जाणारे इथून साखर–गुंजवण्याकडे वळतात, त्यामुळे बहुतेक ट्रेकरांच्या लेखी मार्गासनी म्हणजे 'इथे आत वळायचं' एवढंच. तालुक्याचं नाव आता कागदोपत्री राजगड झालंय; बोलण्यात अजून वेल्हंच आहे. पावसाळा सरता सरता मावशींच्या या गुंजवणीच्या खोऱ्यात थांबून पाहावं ते बांधाकडे. खाचरात भात, आणि बांधावर ज्याला शेतकरी एरवी तण म्हणतो ते सगळं: तेरडा, कुरडू, आघाडा, दूर्वा. सणांच्या सजावटीचं सामान इथेच मिळतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. मात्र प्रत्येक वस्तू आपल्या ठरलेल्या दिवसांतच मिळते.

भाद्रपदात मान तेरड्याचा. मावळात आणि कोकणात बऱ्याच घरी गौर म्हणजे मुखवटा नव्हे, तेरड्याची जुडी. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. रोपं कापायची नाहीत, मुळासकट उपटायची, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. त्यामुळे उपटण्यालाही हात लागतो. नुसता शेंडा धरून ओढलं तर देठ हातात येतो आणि गौर पावलांवाचून घरी येते. बुडाशी बोटं रोवायची, माती सैल करायची, मग अलगद वर. पाण्यात मुळं धुतली की पांढरी, बारीक, खरंच पावलांच्या बोटांसारखी दिसतात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण हिणवायला वापरतो. मला ते चोख मोजमाप वाटतं: गौर राहते तरी किती? तीनच दिवस.

कुरडूची तऱ्हा उलटी. आषाढात त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, आणि जे खुडायचं राहिलं त्याला पुढे गुलाबी-पांढरे तुरे येतात. तोडल्यावर ते सुकतात, पण कोमेजत नाहीत. दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी आणि पांडव मांडतात, त्यांच्या डोक्यावर झेंडूच्या जोडीला हा तुरा खोचला की शोभा येते. फुलदाणीत ठेवला तर संक्रांतीपर्यंत तसाच राहतो. शहरात 'ड्राय फ्लॉवर' म्हणून रंगवलेली फुलं विकत घेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

पण कसब लागतं ते तोरणालाच. लोंबी भाताची, ओंबी गव्हाची, कणीस ज्वारी-नाचणीचं. इथे शब्द चुकला तर लोक हसतात. खुडण्याची वेळ चुकली तर हसतही नाहीत, सामान गेलं म्हणून हळहळतात. भात पोटरीतून बाहेर पडतं, म्हणजे निसवतं, मग दाण्यात दूध भरतं, दुधाचा चीक होतो, चिकाचा दाणा. लोंबी पिकते ती शेंड्याकडून बुडाकडे. शेंड्याचे दाणे पिवळे झालेत, बुडाचे अजून हिरवट आहेत आणि काडीत रस आहे, अशा थोड्या दिवसांत ती खुडायची. दुधात खुडली तर दाणे पोचट होऊन काळपट पडतात. पुरती पिकू दिली तर माझ्या सतरंजीवर झालं ते होतं. मावशींची परीक्षा साधी: दाणा नखाला दाद देत नाही पण दाताखाली चेपतो, आणि काडी बोटाभोवती फिरते.

काडी लोंबीखाली दीड वीत तरी लांब ठेवायची. खुडलेल्या लोंब्या सावलीत, ओल्या फडक्याखाली. काड्यांचे तीन पेड वाखाने बांधून दाराच्या कडीला अडकवायचे आणि केसांची वेणी घालतात तशी वेणी घालायची. फरक इतकाच की दर वळणाला उजव्या पेडात नवी लोंबी घालत जायची, म्हणजे सगळ्या लोंब्या एकाच अंगाला लोंबतात आणि काड्यांचा वरती दोर तयार होतो. हात आवळून चालला पाहिजे. ओली काडी वाळताना आकसते. आज घट्ट वाटणारी वेणी चार दिवसांनी सैल पडते आणि लोंब्या एकेक करून निसटतात. माझं दुसऱ्या वर्षीचं तोरण असंच गेलं. मावशींचा हात बघावा: अंगठा पेडावरून हलतच नाही, बाकीची बोटं चालतात. मधूनमधून आंब्याचं पान आणि झेंडू ओवला की झालं तोरण. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला म्हणतात. पण दसऱ्याच्या दारात त्याला परका म्हणायची कुणाची छाती नाही.

आपट्याबद्दल एवढंच, की लोक फांद्याच्या फांद्या ओरबाडतात आणि पुष्कळदा तो आपटा नसतोच, कांचन असतो. पान मोठं दिसलं की संशय घ्यावा.

धान्य दाराला लावायची ही रीत एकट्या मावळाची नाही. कोकणात 'नवं' बांधतात: आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणी-वरीचं कणीस, कुरडूचा तुरा, झेंडू, आणि तो जुडगा दाराला, देवाला, नांगराला, आता तर मोटरसायकललाही. सिंधुदुर्गात गणपतीवर माटवी आणि गोव्यात माटोळी टांगतात. लाकडी चौकटीला कवंडळं, सुपारीचे घोस, रानातली फळं. गोव्यातले ख्रिस्ती लोकही नव्या कणसांचा सण करतात, रायला ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला. आणि इंग्लंडात गव्हाच्या काड्या वळून बाहुलीसारखं काहीतरी करायचे, हिवाळाभर घरात ठेवायचे आणि वसंतात नांगराच्या पहिल्या तासात गाडून टाकायचे. ते लोकही काडी आधी भिजवतात, हे वाचून मला बरं वाटलं.

मावळातली अडचण मात्र इथलीच आहे. दसऱ्याला लोंबी पिवळी हवी तर भात हळवं हवं, तीन-साडेतीन महिन्यांत येणारं. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी वाण आलं, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. वास आंबेमोहोराच्या वळणाचा, उतारा चांगला, आणि बाजारात भाव. खाचरंच्या खाचरं इंद्रायणीखाली गेली यात शेतकऱ्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण इंद्रायणीला १३५ ते १४० दिवस लागतात. जूनच्या मध्याला पेरलेली ती दिवाळीच्या आगेमागे कापणीला येते. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. तेव्हा इंद्रायणी कुठे निसवत होती, कुठे दुधात. तोरणाला लोंब्या आणायच्या कुठून? नाक्यावर प्लास्टिकच्या लोंब्यांचं तोरण मिळतं, सोनेरी. 'लोकांना परंपरेची चाड नाही' असं त्यावर म्हणणं सोपं आहे, पण ज्याच्या शेतात त्या दिवशी पिवळी लोंबीच नाही त्याने करायचं काय?

मावशींनी यावर आपल्यापुरता तोडगा काढलाय. घराजवळच्या एका खाचराचा कोपरा त्या हळव्या भाताला राखतात. सून कुरकुरते, की तेवढ्यात इंद्रायणीची एखादी पाटी जास्त आली असती. मावशी म्हणतात, दिवाळीचे पोहे त्याच भाताचे होतात. तोरणाचं नाव त्या काढत नाहीत. तोरण दिवाळीपर्यंत दारावर असतं, मग ओसरीच्या वाशाला जातं, चिमण्यांसाठी. पूर्वी देवळांतही अशा लोंब्या टांगलेल्या असत. फाल्गुनापर्यंत दाणा उरत नाही, नुसती वेणी लोंबत राहते.

२०२३च्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. राब भाजून झाले होते, अंगणात राखेचा वास होता. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून त्यांनी मला विचारलं, "दसरा कवा हाय अवंदा, बघा बरं." मी पानं उलटली. अधिक श्रावण आल्यामुळे दसरा थेट २४ ऑक्टोबरला गेला होता.

"मंग घाई नाय," त्या म्हणाल्या, आणि हळव्या भाताच्या बियाण्याची पिशवी पुन्हा कणगीमागे सरकवून दिली.