सुरकुत्या घालविणारी इंजेक्शने : सुरक्षितता, धोके आणि ग्रामीण समाजापुढील प्रश्न

प्रस्तावना :

वार्धक्याच्या खुणा लपविण्याची इच्छा मानवी समाजात फार प्राचीन आहे. लेप, उटणी, तेले यांच्याद्वारे ती आजवर व्यक्त होत आली. गेल्या तीन दशकांत मात्र या इच्छेने वैद्यकशास्त्राचा आधार घेतला आणि सुईच्या साहाय्याने सुरकुत्या घालविण्याचे उपचार रूढ झाले. महानगरांपुरते मर्यादित असलेले हे उपचार जाहिरातींच्या व भ्रमणध्वनीच्या माध्यमातून आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचत आहेत. तेलगावसारख्या साखर कारखान्याच्या परिसरातील सुशिक्षित स्त्री-पुरुषांनाही त्यांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. हे उपचार कितपत सुरक्षित आहेत, त्यांतील धोके नेमके कोठून उद्भवतात आणि ग्रामीण भागात ते धोके का वाढतात, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषापासून औषधापर्यंत :

‘बोटॉक्स’ या व्यापारी नावाने परिचित असलेले औषध म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूने निर्माण केलेले विष होय. ‘बोटुलस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मांसाने भरलेली सॉसेज असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीतील युस्टिनस केर्नर या डॉक्टरने खराब सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचे तपशीलवार वर्णन केले. १८९५ साली बेल्जियममध्ये दूषित मांस खाल्ल्याने झालेल्या विषबाधेचा अभ्यास करून एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी हा जिवाणू शोधून काढला.

मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन स्रवते व त्यामुळे स्नायू आकुंचन पावतो. बोटुलिनम विष हे स्रवण थांबविते; परिणामी स्नायू शिथिल होतो. हीच क्रिया संपूर्ण शरीरात घडली तर श्वसनाचे स्नायू निकामी होऊन मृत्यू ओढवतो. एखाद्या लहानशा स्नायूत नियंत्रितपणे घडविली तर ती उपचार ठरते. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी या तत्त्वाचा उपयोग तिरळेपणावर केला आणि १९८९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. कॅनडातील जीन व ॲलिस्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याने १९९२ साली भुवयांमधील आठ्यांवर त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. या सौंदर्यविषयक उपयोगास अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली. आज अर्धशिशी, अतिघाम व स्नायूंचा ताठरपणा अशा विकारांतही हे औषध वापरले जाते.

योग्य वापरातील सुरक्षितता व मर्यादा :

भुवयांमधील आठ्यांसाठी बोटॉक्सची प्रमाणित मात्रा २० युनिट असून ती पाच ठिकाणी विभागून दिली जाते. माकडांवरील प्रयोगांवरून प्रौढ माणसास घातक ठरणारी मात्रा याच्या शंभर पटींहून अधिक असल्याचा अंदाज आहे. प्रमाणित औषध, योग्य मात्रा व शरीररचनेचे ज्ञान असलेला हात या तीन अटी पूर्ण झाल्यास गंभीर अपाय क्वचितच होतो, तो यामुळेच. इंजेक्शनच्या जागी सूज येणे, रक्त साकळणे व डोकेदुखी हे सामान्य परिणाम होत. औषध शेजारच्या स्नायूत पसरल्यास पापणी खाली ओघळते. ती काही आठवड्यांत पूर्ववत होते. उपचाराचा परिणामही कायम टिकत नाही. तो सुमारे तीन ते चार महिन्यांत ओसरतो व पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागते. म्हणून हा खर्च एकदाच होणारा नसून आवर्ती आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

गर्भवती व स्तनदा मातांनी हा उपचार टाळावा. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायुदुर्बलतेचा आजार असणाऱ्यांना त्यापासून विशेष धोका संभवतो. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके त्याचा परिणाम वाढवितात. विष इंजेक्शनच्या जागेपासून दूर पसरून गिळणे व श्वसन यांवर परिणाम करू शकते, असा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापणे अमेरिकेने २००९ साली बंधनकारक केले.

अपघातांपासून मिळणारा बोध :

या औषधामुळे झालेल्या मोठ्या अपघातांचा विचार केल्यास एक समान सूत्र आढळते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात २००४ साली चार व्यक्तींना इंजेक्शनानंतर तीव्र विषबाधा झाली व त्यांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. त्यांना दिलेले द्रव्य मानवी वापरासाठी नव्हे, तर प्रयोगशाळेतील संशोधनासाठी तयार केलेले होते. २०२४ साली अमेरिकेतील ११ राज्यांत २२ व्यक्तींना बनावट अथवा अयोग्य रीतीने दिलेल्या इंजेक्शनांमुळे त्रास झाला; त्यांपैकी ११ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. २०२५ च्या जून व जुलै महिन्यांत इंग्लंडमध्ये सौंदर्योपचारानंतरच्या विषबाधेची ३८ प्रकरणे नोंदली गेली. तेथेही विनापरवाना उत्पादनांच्या वापराचा संशय व्यक्त झाला. तात्पर्य, धोका केवळ औषधात नसून ते कोठून आले व कोणी दिले यात आहे.

या संदर्भात साठवणुकीचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते. क्षारजलात मिसळल्यानंतर ती २४ तासांच्या आत वापरावी, असे उत्पादकाचे निर्देश आहेत. वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या ठिकाणी ही शीतसाखळी कशी सांभाळली, हे विचारण्याचा रुग्णास पूर्ण अधिकार आहे. निरनिराळ्या कंपन्यांची युनिटे परस्परांशी जुळत नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

भरावाची इंजेक्शने :

‘फिलर’ या नावाने दिली जाणारी इंजेक्शने बोटुलिनमपासून पूर्णतः भिन्न आहेत. त्यांत बहुधा हायल्युरॉनिक आम्लाचा जेल असतो व तो त्वचेखाली भर घालतो. हा जेल रक्तवाहिनीत शिरल्यास त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा पांढरी अथवा जाळीदार निळसर होणे व तीव्र वेदना ही त्याची प्रारंभिक लक्षणे होत. नाक व भुवयांमधील भागातून जेल डोळ्याच्या रक्तवाहिनीत गेल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. हायल्युरॉनिडेझ हे विकर जेल विरघळविते. मात्र ते तत्काळ उपलब्ध असावे लागते. दृष्टिपटल रक्तावाचून सुमारे दीड तासापेक्षा अधिक काळ तग धरू शकत नाही. तेलगावहून बीड अथवा अंबाजोगाई गाठण्यातच या वेळेचा मोठा भाग निघून जाईल, ही बाब ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक आहे.

कायदा व संमती :

सौंदर्योपचार हा किरकोळ उपचार आहे, हा समज घातक होय. मार्च २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणानंतर एका ४३ वर्षीय व्यावसायिकाचा मृत्यू झाला, तेव्हा या समजातील फोलपणा उघड झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपण व सौंदर्योपचारांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. कार्यशाळेत पाहून अथवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहून असे उपचार सुरू करणे पुरेसे प्रशिक्षण ठरत नाही, असे त्यांत स्पष्ट केले आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली, उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय समजावून घेतलेली संमतीच वैध ठरते, असा निर्वाळा दिला.

बीड जिल्ह्यास संमतीचा हा प्रश्न नवा नाही. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासकीय समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळून आले. या स्त्रियांची विवंचना व सुरकुत्या घालवू पाहणाऱ्या मध्यमवर्गीयांची हौस यांची तुलना करणे अनुचित ठरेल. तथापि पुरेशी माहिती न देता शरीरावर उपचार केला जातो, तेव्हा त्याची किंमत रुग्णच मोजतो, हा बोध दोन्हींत सारखाच आहे. निरोगी शरीरावर केवळ इच्छेखातर उपचार करताना तर माहिती देण्याची जबाबदारी अधिकच वाढते.

घ्यावयाची दक्षता :

१) उपचार करणारी व्यक्ती त्वचारोग अथवा सुघटन शल्यचिकित्सेची पदव्युत्तर पात्रता धारण करते काय, हे नोंदणी क्रमांकासह पडताळावे.
२) कुपी आपल्यासमोर उघडण्याचा आग्रह धरावा, औषधाचे नाव, बॅच क्रमांक व मुदत लिहून घ्यावी.
३) ब्यूटी पार्लर, घर अथवा शिबिर अशा ठिकाणी इंजेक्शन घेऊ नये.
४) बाजारभावापेक्षा फार स्वस्त दर हा धोक्याचा इशारा समजावा.
५) उपचारानंतर दुहेरी दिसणे, गिळण्यास वा बोलण्यास त्रास, धाप लागणे अशी लक्षणे काही तासांत किंवा काही आठवड्यांनी जरी दिसली, तरी विनाविलंब कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात जावे व घेतलेल्या इंजेक्शनाची माहिती डॉक्टरांना द्यावी.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, सुरकुत्या घालविणारी इंजेक्शने ही मुळात असुरक्षित नाहीत. परंतु त्यांची सुरक्षितता सशर्त आहे. प्रमाणित औषध, शीतसाखळी, पात्र हात व आपत्कालीन उपचाराची जवळीक यांपैकी एकही अट सुटली तर तेच औषध पुन्हा विष बनते. ग्रामीण भागात शेवटची अट पूर्ण होणे सर्वांत कठीण आहे. म्हणून येथे नकार देणे हाही एक शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. महाविद्यालयीन प्राध्यापकांचा शब्द गावात व विद्यार्थ्यांत मानला जातो. जीवशास्त्र, गृहविज्ञान व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापनात आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत या विषयाची चर्चा घडवून आणल्यास अनेकांचे संभाव्य नुकसान टळेल. वयाची खूण चेहऱ्यावर उमटणे हा रोग नव्हे, ही जाणीव तरुण पिढीत रुजविणेही तितकेच अगत्याचे आहे.