फोनमधील संवाद आणि त्याचा राखणदार

मुळगावातील एखाद्या घरात बसून मोबाइलवरून वीजबिल भरताना बिलाच्या ॲपमधून यूपीआयचे ॲप आपोआप उघडते. रक्कम तिथे आधीच भरलेली असते आणि पिन टाकल्यावर आपण पुन्हा मूळ ॲपमध्ये परततो. बँकेशी होणारा व्यवहार इंटरनेटवरून होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण एकाच फोनमधील या दोन ॲप्सनी एकमेकांना निरोप कसा दिला? तो कोणत्या वाटेने न्यायचा, हा प्रश्न वरवर केवळ तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात आपली खासगी माहिती सुरक्षित राहते की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

अँड्रॉइड ही लिनक्स कर्नलवर उभी असलेली प्रणाली. तिच्यात प्रत्येक ॲपला सामान्यतः स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो आणि ते आपल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये, जणू बंद खोलीत, चालते. एका खोलीतून दुसरीत डोकावता येत नाही. निरोप पाठवायचा तर कर्नलची मध्यस्थी घ्यावी लागते. त्यासाठी मुख्यतः चार वाटा आहेत : बाइंडर, युनिक्स सॉकेट, सामायिक स्मृती आणि लूपबॅक.

अँड्रॉइडमधील बहुतेक निरोप बाइंडरनेच जातात. बिलाच्या ॲपने यूपीआय ॲप उघडण्याची केलेली विनंतीही त्याच वाटेने जाते. ‘ओपनबाइंडर’ ही मूळ कल्पना बी इन्कॉर्पोरेटेड या अमेरिकन कंपनीत जन्मली, पाम कंपनीत वाढली आणि तिथल्या अभियंत्यांबरोबर अँड्रॉइडमध्ये आली. तिचे मोठे बळ असे, की निरोप कोणाकडून आला हे पाठवणारा सांगत नाही, कर्नल सांगतो. गावच्या वेशीवरील राखणदाराप्रमाणे तो प्रत्येकाची ओळख स्वतः पटवतो, त्यामुळे खोटे नाव चालत नाही. शिवाय सॉकेटमधून जाताना मजकुराची प्रत दोनदा करावी लागते, बाइंडरमध्ये एकदाच. समोरची प्रोसेस अचानक बंद पडली, तर त्याची वर्दीही मिळते.

मात्र बाइंडरला मर्यादा आहे. एका प्रोसेसच्या चालू असलेल्या सर्व निरोपांसाठी मिळून सुमारे १ एमबी जागा असते. आता १०८० × २४०० बिंदूंचा पडदा घ्या. प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले, तर एका चित्राला १ कोटी ३ लाख ६८ हजार बाइट लागतात, आणि अशी चित्रे सेकंदाला ६० वेळा बदलू शकतात. डिचोलीच्या खाणींतील खनिज नदीकाठच्या धक्क्यांवरून बार्जेसने मुरगाव बंदरात जात असे. तो माल टपालाने पाठवण्याचा विचार कोणी केला नाही. तसेच इथेही. चित्र सामायिक स्मृतीत जागच्या जागी राहते आणि बाइंडरमधून फक्त त्या जागेची किल्ली दिली जाते.

युनिक्स सॉकेट ही जुनी, साधी वाट. बोटाच्या स्पर्शाची खबर ॲपपर्यंत याच प्रकारच्या सॉकेटने पोहोचते. ‘झायगोट’ ही प्रोसेस स्वतःची प्रतिकृती काढून नवे ॲप सुरू करते. तिलाही आज्ञा सॉकेटवरूनच मिळते. बाइंडर एकाच वेळी अनेक धागे चालवतो, आणि अनेक धागे चालू असताना प्रतिकृती काढली, तर एखादे कुलूप कायमचे अडकण्याचा धोका असतो. या सॉकेटवरही समोरच्याची ओळख कर्नलकडून विचारून घेता येते.

चौथी वाट सर्वांत सोपी आणि म्हणूनच मोहाची. १२७.०.०.१ या पत्त्यावर फोन स्वतःशीच इंटरनेटच्या भाषेत बोलतो. वेबसाठी लिहिलेला कोड इथे जसाच्या तसा चालतो. परंतु या दारावर राखणदार नाही. इंटरनेटची परवानगी असलेले कोणतेही ॲप ते ठोठावू शकते, आणि ही परवानगी ॲप बसवतानाच आपल्याला न विचारता मिळते. २०२५च्या जूनमध्ये युरोपातील संशोधकांनी दाखवून दिले, की मेटा आणि यांडेक्स यांची अँड्रॉइड ॲप्स अशा दारांवर कान लावून होती. ब्राउझरमध्ये उघडलेल्या संकेतस्थळांवरील त्यांचा कोड तिथे खुणा पोहोचवत असे आणि वापरकर्त्याची भटकंती त्याच्या ओळखीशी जोडली जाई. मेटाच्या बाबतीत तर ब्राउझरचा खासगी मोडही यापुढे निरुपयोगी ठरला. हे उघड होताच मेटाने तो प्रकार थांबवला. दार फोनबाहेरही उघडे ठेवले, तर धोका आणखी वाढतो. २०१९ साली ‘ईएस फाइल एक्स्प्लोरर’ या ॲपचे ५९७७७ क्रमांकाचे पोर्ट त्याच वायफायवरील कोणालाही उघडे असल्याचे आढळले. त्यातून फोनमधील फाइली वाचता येत होत्या.

म्हणून ॲप बनवणाऱ्याने वेगाचा हिशेब मांडण्यापूर्वी, बोलणारा कोण हे कर्नल सांगू शकतो का, असा प्रश्न विचारावा. त्यानंतर मालाचे वजन पाहावे आणि समोरचा मध्येच नाहीसा झाला तर काय, याचा विचार करावा. लहान निरोपाला बाइंडर, अखंड प्रवाहाला युनिक्स सॉकेट आणि जड मालाला सामायिक स्मृती, असा साधारण ठोकताळा धरता येईल. लूपबॅक वापरणे अटळच असेल, तर प्रत्येक विनंतीची ओळख ॲपने स्वतः तपासली पाहिजे. या वाटा सामान्य वापरकर्त्याला दिसत नाहीत. पण न लागणारी ॲप्स काढून टाकली, तर कान लावून बसणाऱ्यांची संख्या नक्कीच कमी होते.