हरणाऱ्याच्या पैशातला वाटा

गुगलवर जाहिराती लावून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकं साधी आहेत: पुण्यातलं एक ड्रायव्हिंग स्कूल, सांगलीचा हळदीचा व्यापारी, दातांचे डॉक्टर. 'रूट कॅनल पुणे' असं कुणी शोधलं की आमची जाहिरात वर यावी म्हणून आम्ही बोली लावतो. कुणी त्या जाहिरातीवर बोट टेकवलं की डॉक्टरांच्या खात्यातून पैसे कापले जातात. त्यामुळे इंटरनेटवर कुठलाही सल्ला दिसला की मी आधी बघते, याचे पैसे कोण देतंय आणि कशाबद्दल. ऑनलाइन जुगाराच्या बाबतीत याचं उत्तर फार थोड्यांना ठाऊक असतं.

जुगाराचं ॲप चालवणारी कंपनी वेगळी आणि तिच्याकडे माणसं धाडणारा वेगळा. या धाडणाऱ्याला ॲफिलिएट म्हणतात. तो स्वतः पैज घेत नाही. तो संकेतस्थळ काढतो, त्यावर 'सर्वांत भरवशाची दहा ॲप' अशी यादी टाकतो, प्रत्येकाला तारे देतो, बोनस किती ते सांगतो. तिथल्या प्रत्येक लिंकला त्याचा क्रमांक जोडलेला असतो. त्या वाटेने जाऊन तुम्ही खातं उघडलंत, पैसे भरलेत, की तुम्हाला कुणी आणलं ते कंपनीला कळतं. त्याचा मोबदला कधी माणशी ठरलेला असतो. कधी मात्र 'रेव्हेन्यू शेअर' असतो, म्हणजे तुमच्याकडून कंपनीला होणाऱ्या निव्वळ कमाईतला टक्का. तीस टक्के हा आकडा या धंद्यात सर्रास ऐकू येतो. कंपनीची निव्वळ कमाई म्हणजे खेळणाऱ्याचा तोटा. तुम्ही हरत राहिलात की ज्याने तारे दिले त्याच्या खात्यात पैसे जमा होत राहतात, पुष्कळदा तुम्ही खेळणं थांबवेपर्यंत.

मटक्याची चिठ्ठी घेणारा निदान मटकेवाल्याचा माणूस म्हणून गल्लीत ओळखला जायचा. हा मात्र परीक्षक म्हणून समोर येतो. हळदीच्या गोदामात काम करणाऱ्या एका मुलाने अशीच एक यादी मला फोनवर दाखवली होती. "ताई, यांनी सगळी ॲप तपासून लिहिलंय," असं तो अगदी विश्वासाने म्हणाला. मी त्याला लिंकमधला क्रमांक दाखवला. त्याचा अर्थ समजावून सांगायला बराच वेळ लागला, कारण सल्ला देणाऱ्याला आपल्या हरण्यातून पैसे मिळतात हे त्याला खरंच वाटेना.

या व्यवहाराचं टोक 2017 साली ब्रिटनमध्ये दिसलं. बातमीसारखा सजवलेला एक मजकूर इंटरनेटवर फिरत होता: कर्जात बुडालेला, बायकोच्या उपचारांच्या खर्चाने पिचलेला माणूस ऑनलाइन जुगार खेळतो आणि सगळं फेडून मोकळा होतो. गोष्ट बनावट होती आणि ती ॲफिलिएटने पसरवली होती. तिच्यातून ज्यांच्याकडे माणसं जात होती त्यांत लॅडब्रोक्स, स्काय बेट, 888 आणि कासुमो या जुगार कंपन्या होत्या. आम्ही हे लिहिलेलं नाही, हा बचाव जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या एएसए या संस्थेने मानला नाही. ॲफिलिएटच्या मजकुराची जबाबदारी तिने कंपन्यांवरच टाकली. त्याच सुमारास स्काय बेटने आपली ॲफिलिएट योजना गुंडाळली. जबाबदारी आपल्यावरच येते म्हटल्यावर कंपनी किती झटकन हलते, ते यातून दिसतं.

आता सर्च इंजिनांकडे वळू. अमेरिकी न्याय खात्याचा दबाव वाढल्यावर गुगल आणि याहू यांनी 2004 मध्ये जुगाराच्या जाहिराती घेणं बंद केलं. मागच्या जाहिरातींचा हिशेब 2007 च्या डिसेंबरात मिटला: मायक्रोसॉफ्ट, याहू आणि गुगल यांनी मिळून 3 कोटी 15 लाख डॉलर मोजले. पुढच्याच वर्षी गुगलने ब्रिटनमध्ये या जाहिरातींना पुन्हा दार उघडलं, कारण तिथे नवा जुगार कायदा लागू झाला होता. तेव्हापासूनची रीत देशागणिक वेगळी आहे: त्या देशात कायद्याने चालत असेल तर आधी गुगलकडून प्रमाणपत्र घ्या, मगच जाहिरात करा.

हे नियम जाहिरातींपुरते आहेत. जाहिरातींच्या खाली जे फुकटचे निकाल दिसतात, तिथे बोलीही नाही आणि प्रमाणपत्रही नाही. ॲफिलिएट तिथेच ठाण मांडतो. स्वतःच्या नव्या संकेतस्थळाला गुगल वर आणत नसेल, तर तो एखाद्या जुन्या, नावाजलेल्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचा कोपरा भाड्याने घेतो आणि आपली यादी तिथे छापतो. वाचक नाव बघून विश्वास ठेवतो, गुगलचं यंत्रही ठेवतं. या प्रकाराविरुद्ध गुगलने 2024 च्या मार्चमध्ये नियम जाहीर केला आणि मे महिन्यापासून कारवाई सुरू केली. त्याच वर्षी आपल्याकडे त्याहून धक्कादायक गोष्ट उघड झाली: गोवा, कर्नाटक, केरळ अशा राज्यांच्या सरकारी संकेतस्थळांमध्ये कुणीतरी सट्ट्याच्या ॲपकडे नेणाऱ्या लिंका घुसवल्या होत्या. सरकारी पत्ता म्हटल्यावर शंका कोण घेणार?

भारतात केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने 2022 पासून सूचनांवर सूचना काढल्या. सट्टेवाले बातम्यांच्या संकेतस्थळांच्या आडून जाहिरात करतात, दोघांची बोधचिन्हंही सारखी दिसतात, हे त्यात लिहिलेलं होतं. मग ऑगस्ट 2025 मध्ये कायदाच झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. आडून केलेली जाहिरातही यात धरली आहे, त्यामुळे इथे बसून याद्या लिहिणारा सुटू नये. परदेशात बसून मराठीत यादी लिहिणाऱ्यापर्यंत मात्र आपला पोलीस सहज पोहोचत नाही. गुगल पोहोचू शकतं.

म्हणून माझी मागणी गुगलकडे आहे. जाहिरात कुणाची, हे आज गुगलच्या ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटरमध्ये कुणालाही बघता येतं. माझ्या हळदवाल्याला त्यासाठी ओळखीची कागदपत्रं द्यावी लागली. जुगाराच्या याद्या छापणाऱ्याकडूनही तेवढंच मागा, मग त्याने जाहिरातीचा एक रुपया भरलेला नसला तरी. तो कोण, त्याला पैसे कोण देतं, आणि ते माणशी मिळतात की हरण्यावर, हे निकालातल्या त्याच्या नावाशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. जो सांगणार नाही त्याचं पान दाखवू नका.